एक लाख माणसं मावणारी बारव: अमेरिकन फुटबॉलची अवाढव्य स्टेडियमं

मिशिगनकर

अकरा वर्षं ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावर राहतोय आणि तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या प्रसिद्ध फुटबॉल स्टेडियममध्ये एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. एक तर खेळ कळत नाही. दुसरं म्हणजे शनिवारी सामना असला की तिकडचे रस्ते तुंबतात, म्हणून लांबच्या वाटेने जायची सवयच लागलेली. गेल्या वर्षी धाकटा तिथे विद्यापीठात लागला, त्याने तिकिटं मिळवली, आणि नेमके आबा (माझे वडील, मुक्काम सातारा, वय ७८) आमच्याकडे आलेले. निघालो तीन पिढ्या.

गंमत अशी की बाहेरून हे स्टेडियम फार काही भव्य दिसत नाही. २०१० साली दोन्ही बाजूंना विटांच्या इमारती चढवल्या म्हणून आता निदान लांबून दिसतं तरी. रस्त्याच्या पातळीवरच्या दारातून आत शिरलो आणि पुढे जमीनच संपली. आपण थेट वरच्या रांगांशी निघतो आणि बाकी सगळं पायाखाली खड्ड्यात. तळाला हिरवा चौकोन, चहूबाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर एक लाखाच्या वर माणसं. आबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, ही तर बारव आहे."

त्यांनी लिंबची बारा मोटांची विहीर लहानपणापासून पाहिलीय, त्यामुळे उपमा तयारच होती. मला मात्र घरी आल्यावर झोप लागेना. वाचत बसलो. अधिकृत आसनं १,०७,६०१. उद्घाटन १ ऑक्टोबर १९२७. सगळ्यात मोठी गर्दी ७ सप्टेंबर २०१३ ला, नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धच्या रात्रीच्या सामन्याला, १,१५,१०९. नोव्हेंबर १९७५ पासून प्रेक्षकांसाठी खुल्या असलेल्या एकाही सामन्याला लाखाखाली गर्दी नाही. (२०२० धरू नका, तेव्हा दारंच बंद होती.) आणि गाव केवढं? ॲन आर्बरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे शनिवारी गावाइतकंच दुसरं गाव त्या खड्ड्यात उतरतं.

इथे बरीच मंडळी अमेरिकेत आहेत. तुमच्या गावच्या स्टेडियमच्या गोष्टी सांगा. खेळाचे नियम शिकवू नका, ते काम धाकट्याने करून पाहिलंय.

चिंगी_२२

मस्त धागा! पण एक बावळट प्रश्न. हे कॉलेजच्या मुलांचं स्टेडियम ना? मग व्यावसायिक संघांची याहून मोठी असतील?

मिशिगनकर

चिंगी, बावळट नाही, मलाही हेच वाटायचं. उलटं आहे. लाखाच्या वरची जी आठ स्टेडियमं आहेत ती सगळी विद्यापीठांची. मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, लुइझियाना स्टेट, टेनेसी, टेक्सस आणि अलाबामा. व्यावसायिक संघांत सगळ्यात मोठं न्यू जर्सीतलं मेटलाइफ, ते ८२,५०० चं.

कारण तिथे बसल्यावर बुडाला कळतं. खुर्च्या नाहीतच, लांबच लांब बाकं आणि त्यावर आकडे. एका आकड्याला साधारण १८ इंच. नोव्हेंबरात सगळे जाडजूड कोट घालून आलेले, तेव्हा १८ इंचात माणूस मावत नाही, निम्मे उभे आणि निम्मे तिरके. व्यावसायिक संघ श्रीमंत गिऱ्हाइकासाठी गाद्यांच्या खुर्च्या आणि काचेच्या खोल्या बांधतात, त्यात माणसं कमी बसतात आणि पैसे जास्त येतात. इथेही मधे काही जागा रुंद केल्या, तर १,०९,९०१ वरून आकडा खाली आला.

आसनांच्या आकड्यातल्या शेवटच्या त्या एकाची गोष्ट धाकट्याने सांगितली. फ्रिट्झ क्रिस्लर नावाचे जुने प्रशिक्षक, पुढे क्रीडासंचालक झालेले. त्यांच्या मानाची ती एक जास्तीची जागा. १९५६ ला वाढवलं तेव्हा १,०१,००१ केलं, आणि तेव्हापासून आकडा कितीही बदलला तरी शेवटी एक असतोच. ती जागा नेमकी कुठली, हे कुणाला सांगत नाहीत. आबांचं म्हणणं, सव्वा रुपयातला वरचा पावला.

पाटबंधारे_काका

मिशिगनकर, मी खात्यातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण खड्डा म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा. तीन चतुर्थांश स्टेडियम जमिनीखाली, वरून पाऊस-बर्फ, खालून भूजल. निचरा कसा केलाय? आणि १९२७ साली बांधलेल्या पायावर पुढे एवढी वाढ कशी पेलली?

मिशिगनकर

काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. ती जागा झऱ्याचीच होती. खणायला लागले तर खालून पाणी आणि भुसभुशीत वाळू. खणताना एक अख्खी क्रेन रुतली ती अजून मैदानाखाली आहे अशी आख्यायिका इथे सांगतात. मी विश्वास ठेवत नाही, पण ऐकायला बरी वाटते.

पायाची गोष्ट मात्र खरी आहे. फिल्डिंग योस्ट हे आधी प्रशिक्षक, मग क्रीडासंचालक. त्यांना लाखाच्या वरचंच स्टेडियम हवं होतं. परवानगी मिळाली ७२,००० ची. तर या पठ्ठ्याने पाया मात्र लाखाच्या वरचा भार पेलेल असाच घालून घेतला. वर परवानगीइतकं बांधलं आणि खाली आपल्या मनातलं. पैसे सरकारचे नाहीत, ५०० डॉलरचे रोखे विकून उभे केले. रोखे घेणाऱ्याला तिकिटं घेण्याचा हक्क.

पाटबंधारे_काका

पाया मोठा, मंजुरी छोटी! या योस्टसाहेबांना आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं. (किंवा नको. लेखापरीक्षणात अडकले असते.)

कोलंबसची_सून

त्या वरच्या राज्याचं कौतुक फार झालं, आता आमच्याकडे या. सासर कोलंबसचं आहे म्हणजे निष्ठा स्वयंपाकघरातूनच आली. मिशिगनशी सामना असला की त्या आठवड्यात इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात पाट्यांवरचं इंग्रजी 'एम' अक्षर लाल पट्टीने खोडतात. सगळ्या पाट्यांवरचं. नवी आले तेव्हा मला वाटलं दुरुस्ती चाललीय.

आमचं ओहायो स्टेडियम १९२२ चं, म्हणजे तुमच्या आधी पाच वर्षं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, म्हणून लाडाने नालच म्हणतात. वास्तुरचना हॉवर्ड ड्वाइट स्मिथ यांची, दर्शनी कमानीवरचा अर्धघुमट रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवर. लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरच्या वर जमवले आणि ६६,००० च्या वर जागा बांधल्या, तेव्हा "हे भरणार कधी?" असं लोक म्हणत होते. उद्घाटनाच्याच महिन्यात मिशिगनच्या सामन्याला ७०,००० च्या वर आले. (तो सामना आम्ही ०-१९ हरलो. खोटं कशाला बोला.)

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. १९३३ साली, मंदीच्या दिवसांत, स्टेडियमच्या एका बुरुजात गरीब विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. लष्करी खाटा टाकल्या, स्वयंपाक-झाडलोट मुलांनीच करायची, म्हणजे खर्च कमी. साठ-पासष्ट वर्षं मुलं तिथे राहून शिकली. माझ्या सासऱ्यांच्या कचेरीत एक साहेब होते, तिथेच राहून पदवीधर झालेले. ते म्हणायचे, "शनिवारी पलंग हलायचा."

पाटबंधारे_काका

ताई, ते स्टेडियम नदीकाठी आहे ना? नकाशात पाहिलं.

कोलंबसची_सून

हो काका, ओलेंटांजी नदी शेजारूनच जाते. २००१ च्या नूतनीकरणात आधी होतं त्यापेक्षा १४ फूट मैदान खाली नेलं, म्हणजे जवळ रांगा वाढवता येतील. खाली नेल्यावर पाणी लागणार, म्हणून चहूबाजूंनी जमिनीत खोल, पाणी अडवणारी भिंत घातलीय.

पाटबंधारे_काका

मातीच्या धरणाखाली आम्ही काळ्या मातीची चर भरतो, पाणी खालून झिरपू नये म्हणून. तेच तत्त्व. धरणात पाणी आत धरायचं, इथे बाहेर ठेवायचं. आता बायको म्हणतेय की रात्रीचे साडेबारा झालेत.

गावठी_इंजिन

काकांना झोप लागू नये म्हणून पेन स्टेटचं सांगतो. मी तिथे दोन वर्षं होतो. बीव्हर स्टेडियम, नाव जेम्स बीव्हर या पेन्सिल्व्हेनियाच्या जुन्या राज्यपालांवरून. लाखाच्या वर जागा. हे मुळात या जागी नव्हतंच! विद्यापीठाच्या दुसऱ्या टोकाला जुनं पोलादी स्टेडियम होतं. १९६० साली त्याचे तुकडे सुटे केले, मैलभर लांब नेले आणि पुन्हा जोडून त्यात भर घातली. शेतकरी गोठा हलवतो तसं.

पुढची गंमत १९७८ ची. जागा वाढवायच्या, पण वर चढवण्याऐवजी त्यांनी अख्ख्या स्टेडियमचे भाग कापले, हायड्रॉलिक जॅक लावून बारा-साडेबारा फूट उचलले आणि खाली, मैदानाच्या बाजूला, नव्या रांगा घुसवल्या. मधली धावपट्टी काढून टाकली. एका फटक्यात १६,००० जागा वाढल्या. बाहेरून पाहिलं तर ते अजूनही मेकॅनोच्या खेळण्यासारखं दिसतं, पोलादाचं जंगल. सुंदर म्हणणार नाही. पण रात्रीच्या सामन्याला सगळे पांढरे कपडे घालून येतात तेव्हा अंगावर काटा येतो.

पाटबंधारे_काका

उचललं?! माणसं बसायची ती गॅलरी? वाचतो. झोप गेली.

जुनी_वही

सगळे आकार सांगतायत, मी थोडं मागे जाते. हा खेळ आज जसा आहे तसा होण्यात एका स्टेडियमचा हात आहे, असं सांगितलं तर पटेल?

हार्वर्ड स्टेडियम, १९०३. तोवर अशी बांधकामं लाकडी असत, पेटत, कोसळत. १८७९ साली पदवी घेतलेल्या तुकडीने दिलेल्या देणगीतून हार्वर्डने हे बांधलं, तेही आरसीसीत. एवढं मोठं बांधकाम लोखंड घातलेल्या काँक्रीटमध्ये करण्याचं ते अगदी सुरुवातीचं उदाहरण. आसपासच्या इंजिनिअरांना वाटत होतं, बॉस्टनच्या थंडीत ते तडकणार. अजून उभं आहे.

आता १९०५. त्या काळी पुढे चेंडू फेकायची मुभाच नव्हती. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या हातात हात अडकवून रेटारेटी करायची, शिरस्त्राणंही धड नाहीत. त्या एका हंगामात १८-१९ मुलं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. खेळ सुधारा नाहीतर बंद पडेल, असा मामला. मग नियम बदलायची समिती बसली. येलचे वॉल्टर कँप या खेळाचे मोठे जाणकार. त्यांचं मत होतं की मैदान ४० फूट रुंद करा, पोरं पांगतील, चेंगराचेंगरी कमी होईल. सरळ साधा उपाय. पण हार्वर्डचं नवं कोरं काँक्रीटचं स्टेडियम मैदानाला घट्ट बिलगून उभं! लाकडी असतं तर मागे सरकवलं असतं. काँक्रीट कुठे सरकवणार? रुंदीचा उपाय बारगळला आणि १९०६ पासून दुसरा आला: चेंडू पुढे फेकायची परवानगी. आज ज्या लांबच लांब फेकीवर लोक वेडे होतात ती अशी आली.

रूझवेल्टचा दबाव, इतर विद्यापीठांचा आग्रह, हेही होतंच. एकट्या भिंतीला सगळं श्रेय देत नाही. पण मला ती भिंत फार आवडते.

चिंगी_२२

जुनी_वही, हे भारी आहे! आणि ते 'बाउल' काय प्रकरण? सुपर बाउल, रोझ बाउल. मला वाटायचं जिंकणाऱ्याला वाडगा देतात.

जुनी_वही

वाडगाच, पण बसायचा. येल विद्यापीठाने १९१४ साली जमीन खणली, निघालेली माती कडेने रचली आणि त्या उतारावर बाकं बसवली. न बांधता बांधलेलं स्टेडियम. सत्तर हजार जागा. आकार वाटीचा म्हणून नाव येल बाउल. उद्घाटनाच्या सामन्यात हार्वर्डने येलला ३६-० धुतलं, ते असो. पॅसाडेनात १९२२ ला वास्तुकार मायरन हंट यांनी त्याच धर्तीवर स्टेडियम केलं, गुलाबांच्या उत्सवावरून नाव रोझ बाउल. मग तिथल्या नववर्षाच्या सामन्यालाच रोझ बाउल म्हणू लागले, आणि पुढे मोठ्या सामन्याला 'बाउल' जोडायची रीतच पडली. व्यावसायिक संघांचा अंतिम सामना तो सुपर बाउल. मिशिगनकरांच्या आबांची बारव त्याच घराण्यातली.

बंड्या_ठाणेकर

आबांना सांगा, मोटेरा १,३२,००० चं आहे. आपणच पहिले. 😎 आणि एवढी मोठी स्टेडियमं पडलीत तर २०२४ च्या टी-२० क्रिकेट विश्वचषकाला न्यूयॉर्कजवळ तात्पुरतं का बांधलं? द्यायचं हे.

मिशिगनकर

बंड्या, मीही हाच प्रश्न धाकट्याला विचारला आणि त्याने कागदावर आकृती काढून तोंड बंद केलं. फुटबॉलचं मैदान दोन्ही टोकं धरून १२० यार्ड लांब, पण रुंदी फक्त ५३ यार्ड आणि एक फूट. म्हणजे ४९ मीटर. खेळपट्टी मधोमध टाकली तर बाजूची सीमारेषा २५ मीटरवर. तू आणि मीसुद्धा षटकार मारू. म्हणून इथलं क्रिकेट बेसबॉलच्या मैदानांकडे वळतं. डॅलसजवळचं ग्रँड प्रेअरीचं स्टेडियम असंच, मूळचं बेसबॉलचं.

हॉकी मात्र होते, बर्फावरची. १ जानेवारी २०१४ ला इथेच बर्फाचा तळ करून सामना झाला, लाखाच्या वर माणसं, वरून बर्फ पडतोय. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेड आणि रियल माद्रिदचा सामना, १,०९,३१८. पायाने खेळायचा फुटबॉल अमेरिकेत एवढ्या लोकांनी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

खडूस

सगळं गोड चाललंय म्हणून मीठ टाकतो. एवढी तिकिटं, टीव्हीचे करार, टोप्या-बनियनांची विक्री. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महाग माणूस फुटबॉलचा प्रशिक्षक असतो, राज्यपाल नाही. आणि शंभर वर्षं खेळणाऱ्या पोरांना काय? शिष्यवृत्ती आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया. स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मुभा २०२१ ला मिळाली, आणि विद्यापीठांनी थेट पैसे द्यायला २०२५ उजाडलं, तेही कोर्टकचेऱ्या करून. बारव छान आहे, पण पाणी कोण ओढत होतं तेही लिहा.

मिशिगनकर

खडूस, मान्य. धाकट्याच्या वसतिगृहात एक खेळाडू आहे, त्याचं वेळापत्रक ऐकलं तर गिरणी कामगार बरा.

लुझियानाची_मैना

बॅटन रूजहून हजेरी. इथलं, म्हणजे लुइझियाना स्टेटचं, टायगर स्टेडियम १९२४ चं, सुरुवातीला १२,००० चं, आज १,०२,३२१. कोलंबसच्या ताई, वसतिगृह तुमच्याच नाही, आमच्याही स्टेडियमात होतं, आणि आमची युक्ती जास्त नामी. १९३०-३१ ची गोष्ट. विद्यापीठाकडे अडीच लाख डॉलर होते, पण वसतिगृहांसाठी. क्रीडा विभागाच्या टी. पी. हर्ड यांनी डोकं चालवलं: खोल्या स्टेडियमच्या भिंतीत बांधा, वर आपसूक गॅलरी होईल. झाल्या खोल्या, वाढल्या रांगा, हिशेबात फक्त वसतिगृह! बाहेरून अजून त्या खिडक्यांच्या ओळी दिसतात.

दुसरी गोष्ट ८ ऑक्टोबर १९८८ ची. ऑबर्न ६-० ने पुढे, शेवटची दोन मिनिटंही नाहीत, चौथा आणि अखेरचा प्रयत्न. हॉडसनने फुलरकडे चेंडू फेकला, गुण झाले, ७-६. लोक असे उसळले की विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या भूकंपमापकावर रेघ उमटली. तो सामना आजही 'भूकंपाचा सामना' म्हणून ओळखतात.

आणि हो, स्टेडियमसमोर खराखुरा वाघ राहतो. माइक. विद्यापीठाने आपला वाघ सामन्याला पिंजऱ्यातून नेणं आता बंद केलंय, बरं केलं.

नॉक्सव्हिल_नाका

टेनेसीचं नेलँड स्टेडियम १९२१ ला ३,२०० जागांनी सुरू झालं, हे कुणाला खरं वाटत नाही. शेजारी टेनेसी नदी. १९६२ साली समालोचक जॉर्ज मूनी रहदारीला कंटाळून होडीने सामन्याला आले. आता शेकडो लोक होड्यांतून येतात, त्यांना 'आरमार' म्हणतात. आपल्या पार्किंगच्या भांडणांना हा एक उपाय.

जुनी_वही

जाता जाता एक. या सगळ्यांत आपल्या माणसांच्या पायाची धूळ लागलेलं एक फुटबॉल स्टेडियम आहे. लॉस एंजेलिसचं कोलिझियम, १९२३ चं. पहिला सुपर बाउल इथेच, १५ जानेवारी १९६७ ला, आणि तिकिटं फार तर १२ डॉलरची असूनही तीसेक हजार जागा रिकाम्या! पण त्याआधी, ११ ऑगस्ट १९३२ ला, ऑलिंपिकची हॉकी याच मैदानात झाली. भारत २४, अमेरिका १. रूपसिंगचे दहा गोल, ध्यानचंदचे आठ. आणि ८ ऑगस्ट १९८४ ला इथल्याच धावपट्टीवर पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. मी तेव्हा सातवीत होते. दादरच्या चाळीत एकाच घरात टीव्ही, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. २०२८ ला तिथेच पुन्हा ऑलिंपिक आहे.

बंड्या_ठाणेकर

२४-१?? मोटेराचं मागे घेतो. हा आकडा भारी.

मिशिगनकर

आबांना रात्री सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. लुझियानाच्या हिशेबावर खूप हसले. ध्यानचंदांवर गप्प झाले, त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं आठवत होतं म्हणे. पाटबंधारे_काका, तुमच्यासाठी त्यांचा एक प्रश्न आहे, जो त्यांनी तिथे बाकावर बसूनच मोठ्याने विचारला होता: "एवढी लाख माणसं मोरीला कुठं जातात?" मी नेऊन दाखवलं. मध्यंतरात रांग बाहेरपर्यंत. परत आले ते म्हणाले, पंढरीला यापेक्षा बरी व्यवस्था आहे, नदी आहे.

कोलंबसची_सून, सम वर्षांत सामना तुमच्याकडे असतो ना? पुढच्या वेळी आम्ही तिघं येतो. हरलो तर पुरणपोळ्या आमच्याकडून.

कोलंबसची_सून

या. फक्त पिवळं-निळं घालून आलात तर सासूबाई दार उघडणार नाहीत. आबांना चालेल, ते पाहुणे.